मोकळ्या सायलेन्सरची समजूत

सायलेन्सर मोकळा केला की गाडी पळते. गॅरेज नांदेडचं असो की किनवटचं, हे वाक्य कानावर पडतंच. दोन सिलिंडरच्या साडेतीन-चार लाखांच्या मोटरसायकलीला बाहेरचा सायलेन्सर बसवणारा तरुणही हेच कारण पुढं करतो. पोलिसांना त्यात फक्त उपद्रव दिसतो, घरच्यांना उधळपट्टी दिसते आणि गाडीवाल्याला त्यात ताकद दिसते. माझं म्हणणं असं की हे वाक्य थाप नाही. एका विशिष्ट प्रकारच्या इंजिनाबाबत, एका विशिष्ट काळात, ते शब्दशः खरं होतं, आणि मिस्त्रींच्या एका अख्ख्या पिढीनं ते हातानं काम करून पारखून घेतलं होतं. पुढं इंजिन बदललं आणि वाक्य मात्र टिकून राहिलं. आज बाजारात मिळणाऱ्या सायलेन्सरांची तुलना करायची तर आधी या समजुतीचा इतिहास पाहायला हवा. नाहीतर चर्चा एक तर आवाजाच्या हौसेवर घसरते, नाहीतर दंडाच्या पावतीवर.

किनवटसारखा तालुका यासाठी मुद्दाम घेण्याजोगा आहे. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हा भाग आदिलाबाद जिल्ह्यात होता. नंतर तो नांदेडला जोडला गेला आणि मराठवाड्याच्या टोकाला, एका बाजूला विदर्भ आणि दुसऱ्या बाजूला आजचा तेलंगणा असा राहिला. सागवानाचं जंगल, पैनगंगेचं खोरं, माहूरकडची चढण आणि डोंगराच्या कुशीत विखुरलेले गोंड-कोलामांचे पाडे नि बंजाऱ्यांचे तांडे. मुदखेड-आदिलाबाद रेल्वे तालुक्यातून जाते, एसटी मोठ्या गावांना जाते, पण या दोन्हींच्या पलीकडे राहणारी वस्ती फार मोठी. तिथं पोचायला सायकल, बैलगाडी, नाहीतर मोटरसायकल. अशा मुलखात मोटरसायकल आली ती शिक्षक, ग्रामसेवक, वनखात्याचा कर्मचारी, दूधवाला आणि अडतीवरचा माणूस यांच्या कामाचं जनावर म्हणून. आवाजाची हौस करायला कोणी ती घेतली नव्हती. खेडोपाडी ज्या गाड्या चालल्या त्यांतल्या बहुतेक टू-स्ट्रोक होत्या, आणि ही गोष्ट पुढच्या सगळ्या कथेच्या मुळाशी आहे.

एस्कॉर्ट्सची राजदूत १७५ ही पोलंडच्या एसएचएल एम११ या गाडीवरून घेतलेली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ती आली आणि चार दशकांहून जास्त काळ ग्रामीण भारतात चालली. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६०च्या सुमारास चेकोस्लोव्हाकियाच्या आराखड्यावर जावा बनू लागली आणि तिचीच पुढं येझदी झाली. १९७२ला कायनेटिक इंजिनिअरिंगची लुना आली. या गाड्यांत वंगणाचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागे. पंपावर मापानं ऑइल ओतलं जाई आणि ते माप बहुधा जास्तच असे, कारण ऑइल कमी पडून इंजिन सीझ होण्याची भीती प्रत्येक मालकाला होती. त्यात काही ठिकाणी पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ. त्यात दुधाचे कॅन लादून दुसऱ्या गिअरवर चढणारा घाट. न जळालेलं ऑइल बाहेर पडताना सायलेन्सरमध्ये चिकटे आणि काळा, डांबरासारखा थर धरे. आतल्या भोकाभोकांच्या पुंगळीची भोकं बुजत जात, धुराला वाट उरत नसे, आणि टू-स्ट्रोक इंजिनात जुना धूर बाहेर गेल्याशिवाय नवं मिश्रण आत येत नाही. गाडी चढाला दम टाकी. मालक म्हणे, गाडी पिकअप घेत नाही.

मग मिस्त्री काय करी? जावाच्या सायलेन्सरच्या मागच्या टोकाचा नट सोडला की आतली पुंगळी ओढून काढता येई. ती जाळून किंवा कॉस्टिक सोड्यात भिजवून, तारेच्या ब्रशनं घासून कार्बन काढायचा. जावा-येझदीची गंमत अशी की सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. म्हणजे काम दुप्पट. पुंगळी बाहेर असताना गाडी चालू करून पाहिली तर आवाज मोठा आणि पिकअप एकदम सुधारलेला. पुंगळी सडलेली असली, नवी लगेच मिळत नसली, तर गाडी तशीच मालकाच्या ताब्यात जाई, आणि मालक खूश. इथं दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या. ताकद परत आली होती ती कार्बन निघाल्यामुळं. आवाज वाढला होता तो पुंगळी नसल्यामुळं. पण दोन्ही एकाच वेळी घडल्यामुळं आवाज हाच ताकदीचा पुरावा ठरला. या निष्कर्षाला अडाणीपणा म्हणणं अन्यायाचं होईल. मोजायला यंत्र नसलेल्या माणसानं कानानं आणि चढणीवर केलेलं ते निरीक्षण होतं, आणि त्या गाड्यांपुरतं त्याचं व्यावहारिक फळ बरोबरच होतं.

वाक्य पहिल्यांदा खोटं पडलं ते दोन सिलिंडरची गाडी आली तेव्हा. १९८३ला एस्कॉर्ट्सनं यामाहाच्या परवान्याखाली राजदूत ३५० बाजारात आणली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर शेजारी-शेजारी, प्रत्येकाला आपापला पाइप. मूळ जपानी गाडीची ताकद सुमारे ३९ अश्वशक्ती. मायलेजच्या विचारानं भारतात ती उतरवून ३०.५ आणि २७ अशा दोन प्रकारांत दिली गेली. या गाडीचा पाइप म्हणजे धूर बाहेर नेणारी साधी नळी नव्हती. त्यामागं पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यातले अभियंते वॉल्टर काडेन यांचं पन्नाशीच्या दशकातलं काम होतं. धुराच्या झोताबरोबर दाबाची लाट पाइपातून जाते. पाइप रुंदावत गेला की ओढ निर्माण होते आणि सिलिंडर रिकामा व्हायला मदत होते. पुढं पाइप अरुंद झाला की लाट उलटी फिरते आणि बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण परत सिलिंडरात ढकलते. १९६१ला एमझेडचा शर्यतपटू अर्न्स्ट डेग्नर पळून जाऊन सुझुकीला मिळाला आणि ही विद्या जपानात पोचली. राजदूत ३५०चा फुगीर पोटाचा पाइप त्याच घराण्यातला.

अशा पाइपाचं मागचं टोक कापलं तर आवाज वाढतो आणि ताकद घटते, कारण परतणारी लाटच उरत नाही. शिवाय या गाडीत ऑइलचा वेगळा पंप होता. इंजिनाच्या गरजेइतकंच ऑइल जाई, त्यामुळं कार्बनही कमी धरे. म्हणजे जुन्या वाक्यामागची दोन्ही कारणं इथं लागू नव्हती. तरी पुंगळी धरणारा एक बोल्ट काढला की ती बाहेर येत असे, आणि ती काढून फिरवणं ही मर्दुमकी झाली. मोटरसायकलीच्या शर्यतींत मात्र उलटं चाललं होतं. तिथं पाइप मोकळा करत नसत. प्रत्येक शंकूची लांबी आणि कोन मोजून पत्र्याचा नवा पाइप वळवून जोडत. बाहेरच्या सायलेन्सरची खरी परंपरा ती आहे, आणि तिच्यात कापाकापीपेक्षा मोजमाप जास्त आहे.

राजदूत ३५० फार चालली नाही; पेट्रोल पिणारी आणि सुट्या भागांना महाग. ऐंशीचं दशक सरता सरता ती बंदच झाली. १९८५ला मात्र दोन गाड्या आल्या ज्यांनी रस्त्याचा आवाज दोन टोकांना नेला. हिरो होंडाची सीडी १०० फोर-स्ट्रोक, शांत, सायलेन्सर उघडायची गरजच नसलेली. यामाहा आरएक्स १०० टू-स्ट्रोक, ९८ सीसीत ११ अश्वशक्ती देणारी, आणि तिचा आवाज आजही लोक शोधत फिरतात. धूर आणि प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशी टू-स्ट्रोक मागं पडली आणि कार्बन काढण्याचं काम जवळपास संपलं. मग त्या कसबाचं, त्या समजुतीचं काय झालं? ती बुलेटवर गेली. बुलेट फोर-स्ट्रोक आहे, तिच्या सायलेन्सरला कार्बनचा तसा त्रास नाही. पण इंदोरी, पंजाब, शॉर्ट बॉटल, मेगाफोन अशा नावांनी सायलेन्सर विकले जाऊ लागले, आणि विकताना शब्द तेच: मोकळा आहे, गाडी पळेल.

सायलेन्सरमधून फटाके फोडण्याचा प्रकारही याच काळातला, आणि त्यात ताकदीचा अंशही नाही. चालत्या गाडीची चावी बंद केली की प्लगची ठिणगी थांबते, पण कार्ब्युरेटरमधून पेट्रोल येतच राहतं आणि न जळता सायलेन्सरमध्ये साठतं. चावी पुन्हा चालू केली की तप्त धुरानं ते तिथंच पेटतं आणि बार होतो. जे पेट्रोल चाकाला जोर देण्यासाठी होतं ते सायलेन्सरच्या पत्र्यात जाळलं जातं. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत धुराच्या वाटेवर उत्प्रेरक जाळी असते. न जळालेलं पेट्रोल तिच्यात पेटलं तर ती वितळून निकामी होऊ शकते.

नोव्हेंबर २०१८मध्ये रॉयल एन्फिल्डनं इंटरसेप्टर ६५० आणि काँटिनेंटल जीटी ६५० भारतात आणल्या आणि दोन सिलिंडरची गाडी पहिल्यांदा जिल्ह्याच्या, तालुक्याच्या गावातल्या ग्राहकाच्या आवाक्यात आली. ६४८ सीसी, ४७ अश्वशक्ती, दोन्ही बाजूंना एकेक लांब सायलेन्सर. जुन्या ब्रिटिश जुळ्या इंजिनांत दोन्ही पिस्टन एकत्र वरखाली होत आणि ठोके समान अंतरानं पडत. या गाडीत क्रँक २७० अंशांवर ठेवला आहे, त्यामुळं एक ठोका लवकर आणि दुसरा उशिरा पडतो, आणि आवाजाला विशिष्ट लय येते. ती लय क्रँकमधून येते, सायलेन्सरमधून नाही. सायलेन्सर फक्त ती किती मोठी ऐकू यावी हे ठरवतो. बाहेरचा सायलेन्सर घेऊन गाडीला वेगळा सूर मिळतो असं मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: सूर गाडीत आधीच आहे.

बाजारात या गाडीसाठी तीन तऱ्हा मिळतात. पहिली, स्लिप-ऑन: इंजिनापासून येणारा बेंड पाइप तसाच, फक्त मागचे दोन सायलेन्सर बदलायचे. दुसरी, दोन्ही पाइप एकत्र आणून एकाच सायलेन्सरमध्ये सोडणारी. तिसरी, सिलिंडरपासून टोकापर्यंत सगळंच नवं. आतली रचनाही दोन प्रकारची. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये पत्र्याचे कप्पे असतात. आवाजाच्या लाटा त्यांत आपटून, उलटून एकमेकींना मारतात. बाहेरच्या बऱ्याच सायलेन्सरांत भोकांची सरळ नळी आणि तिच्याभोवती ग्लास वूल; ते वूल आवाज शोषून घेतं. कप्प्यांचा सायलेन्सर जड, पण वर्षानुवर्षं सारखं काम करणारा. वूलचा हलका, पण वूल जळत आणि उडत जातं, आणि दर काही हजार किलोमीटरनी बदललं नाही तर आवाज वाढत जातो. विकत घेताना सौम्य वाटलेला सायलेन्सर दोन पावसाळ्यांनी खणखणीत होतो तो यामुळं. तुलना करताना बहुतेक लोक पहिल्या दिवसाचा आवाज ऐकतात. खरी तुलना तिसऱ्या वर्षाच्या आवाजाची करायला हवी.

ताकदीचं काय? इथं गाडीवाल्यांचा आक्षेप न्याय्य आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. ते म्हणतात, कंपनी कायद्यासाठी गाडी दाबून ठेवते. राजदूत ३५०ची ताकद उतरवली होतीच ना? होती, पण मायलेजसाठी. आणि हलका सायलेन्सर लावला की गाडीचं वजन काही किलोंनी कमी होतं, हा फायदा खरा आहे, वळणावर तो जाणवतो. पण इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर धूर तपासतो आणि संगणक त्याप्रमाणे पेट्रोल जुळवतो. नुसता सायलेन्सर बदलून, पेट्रोलचा नकाशा (फ्युएल मॅप) न बदलता, हाती येते ती वाढ इतकी थोडी की भोकर-किनवट रस्त्यावर ती कळणारही नाही. उलट पूर्ण थ्रॉटलला मिश्रण हलकं पडून इंजिन जास्त तापण्याचा धोका असतो. म्हणजे वजनासाठी कोणी सायलेन्सर बदलत असेल तर त्याचं म्हणणं टिकतं. पळण्यासाठी बदलत असेल तर तो राजदूतचं औषध इंटरसेप्टरला पाजतो आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा: मोठ्या आवाजाची गाडी लांबून कळते, जंगलातल्या वळणावर समोरचा सावध होतो. पण सायलेन्सरचं तोंड मागं असतं, आणि अमेरिकेतला १९८१चा हर्ट अहवाल सांगतो की मोटरसायकलस्वाराला धोका बहुतांशी समोरून येतो. वळणावर हॉर्न हे काम जास्त चोख करतो. तिसरा आक्षेप ओळखीचा, की आवाज म्हणजे गाडीचं व्यक्तिमत्त्व. हार्ले-डेव्हिडसननं १९९४ला आपल्या इंजिनाच्या आवाजाचा ट्रेडमार्क मिळावा म्हणून अर्ज केला होता. २०००मध्ये तो मागं घेतला. आवाजाशी माणसाची माया जडते हे मला पूर्ण मान्य आहे. पण हार्लेनं मागितली होती ती ठोक्याच्या लयीवरची मालकी. डेसिबल हा वेगळा मामला आहे, कारण त्यात शेजारी येतो.

शेजाऱ्याचा हिशेब करून पाहू. आपल्याकडे १७५ सीसीवरच्या मोटरसायकलीला कारखान्यातून बाहेर पडताना ८० डेसिबलची मर्यादा आहे, आणि चाचणीत मापक गाडीच्या वाटेपासून ७.५ मीटरवर असतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. म्हणजे ८०ची गाडी १५ मीटरवर ७४, ३०वर ६८, ६०वर ६२ आणि १२० मीटरवर ५६. तीच गाडी बाहेरच्या सायलेन्सरनं ९५ वर गेली असं धरा: १२० मीटरवर ती ७१ ऐकू येते, आणि ५६वर उतरायला जवळजवळ ६८० मीटर लागतात. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शांतता क्षेत्र धरलं जातं ते १०० मीटरचं. किनवटजवळच्या गोकुंद्याच्या उपजिल्हा रुग्णालयात पाड्यावरून आणलेल्या बाळंतिणीला त्या १०० मीटरांचा काही उपयोग होत नाही. रहिवासी भागातली रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. ती पूर्ण रात्रीची सरासरी असते हे खरं, पण झोप सरासरीनं मोडत नाही, एका बारानं मोडते.

कायदा यावर गप्प नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९मधला १२०वा नियम सायलेन्सर सक्तीचा करतो. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम कंपनीनं नोंदवलेल्या तपशिलाविरुद्ध बदल करायला मना करतं, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याचा कडक अर्थच उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांच्यावर रोड रोलर फिरवतात. छायाचित्र चांगलं येतं. पण रोलरखाली गाडीवाल्याचा सायलेन्सर जातो. तो बनवणारा आणि विकणारा मोकळाच राहतो, आणि दुसऱ्या आठवड्यात दुकानात तोच माल असतो.

शिवाय यात एक माणूस विनाकारण भरडला जातो. पंधरा वर्षं जुन्या गाडीचा सायलेन्सर गंजून फुटला, कंपनीचा परवडत नाही किंवा मिळतच नाही, म्हणून साधा, कप्पे असलेला बाहेरचा सायलेन्सर बसवणारा शेतकरी. राजदूत-येझदीच्या काळापासून त्याची गरज खरी आहे आणि आजही आहे. त्याच्यात आणि फटाके फोडणाऱ्यात फरक करायचा तर सायलेन्सरचा आकार पाहून तो कळत नाही, आवाज मोजूनच कळतो. युरोपात बदली सायलेन्सरसाठी संयुक्त राष्ट्रांचा स्वतंत्र नियम आहे, ९२ क्रमांकाचा. चाचणी झालेल्या मालावर मान्यतेची खूण कोरलेली असते आणि रस्त्यावरचा पोलीस ती पाहू शकतो. आपल्याकडे १९६६ला स्थापन झालेली पुण्याची एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) वाहनांच्या चाचण्या करते. बदली सायलेन्सर तिथून किंवा तशाच संस्थेतून तपासून, क्रमांक कोरूनच विकला जावा, आणि बिनक्रमांकाच्या मालाचा दंड आधी विकणाऱ्याला व्हावा. जिल्ह्याच्या वाहतूक शाखेनं रोलरच्या भाड्याऐवजी आवाजमापकावर पैसे घालावेत.

तोवर गाडीवाल्यानं एवढं तरी करावं. सायलेन्सर विकत घेताना दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्यात: चाचणीत किती डेसिबल आले आणि ते कुठल्या संस्थेनं मोजले, आत कप्पे आहेत की वूल, आणि वूल असेल तर ते बदलून मिळेल का. पहिल्याचंच उत्तर कागदावर मिळालं नाही तर कंपनीचा सायलेन्सर काढू नये.